सुधाच्या फाइलची सजावट

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा, ब्लड प्रेशरला बरं पडेल. आमच्या मयूरीनं संध्याकाळी सीतापुऱ्याच्या फॅक्टरीतून येताना ही डायरी आणली आणि पेनासकट माझ्यासमोर ठेवली. साठी उलटलेल्या बापाला पोरीनं शुद्धलेखन घालून दिलं. ठीक आहे, लिहितो.

आजचा राग माथुरवर आहे. माथुर म्हणजे सुधाच्या ऑफिसातले उपसंचालक. सुधा, माझी बायको, केंद्र सरकारच्या एका ऑफिसात अनुवादक आहे. दरवर्षी त्यांचा वार्षिक अहवाल इंग्रजीत निघतो, उशाला घेता येईल एवढा जाड, आणि त्याचं हिंदी सुधा करते. जयपूरच्या लोकांना नागपूरची बाई हिंदी करून देते, हे मी रेल्वेत असताना येईल त्याला सांगायचो.

काचबिंदूनं तिची नजर नेली. ऑपरेशन झालं, होती ती वाचली, पण गेलेली परत येत नाही. आता कुलपाच्या भोकातून दिसावं तेवढं दिसतं, तेही धूसर. अक्षर वाचता येत नाही. लांबलेली रजा संपवून ती आज रुजू झाली, तर माथुरनं तिच्याकडचा अहवाल काढून घेतलेला. खिडकीजवळ एक खुर्ची मांडून ठेवली होती. म्हणे, "मैडम, अब आप आराम कीजिए. तनख़्वाह पर कोई आँच नहीं आएगी."

पगाराचं खरं आहे. तसा कायदाच आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही. काम जमत नसेल तर जादा पद तयार करून त्यावर बसवतात. बसवतात म्हणजे नुसतं बसवतात.

मी म्हणालो, "मग त्यात वाईट काय आहे? पगार येऊन राहिला ना. बोलायची रीत नाही त्याला, एवढंच."

सुधा म्हणाली, "मी खुर्ची गरम करायला नाही जात तिथं." आणि चहा ठेवायला उठली. मी तिला हाताला धरून बसवलं आणि चहा मी केला. गॅसपाशी मी तिला जाऊ देत नाही. माथुरनं हे समजून घ्यायला हवं होतं की अशा बाईशी किती जपून वागावं लागतं.

शनिवार, ११ जानेवारी

सुधानं मला न विचारता वरपर्यंत अर्ज केला, की मी कॉम्प्युटरच्या आवाजावर काम करू शकते, मला माझं काम परत द्या. अर्ज मयूरीनं टाइप केला. मायलेकींचं खलबत झालं आणि मला बातमी जेवताना. आता तीन जणांची कमिटी बसणार. दहा फेब्रुवारीला सुधानं त्यांच्यासमोर गेल्या वर्षीच्या अहवालाची फाइल उघडायची, ते सांगतील ती जागा शोधायची, सांगतील ती दुरुस्ती करायची. जमलं तर यंदाचा अहवाल तिचा. नाही जमलं तर ती खिडकीजवळची खुर्ची, निवृत्त होईपर्यंत.

शिकवायला कोणी संतोष येणार होते. मी पुरुष समजून बैठकीत पाणी, सुपारी मांडून ठेवली. आल्या एक बाई. जन्मापासून दिसत नाही, बँकेत अधिकारी आहेत, हातात घडीची काठी आणि अंगाला भारी अत्तर. राजस्थानात संतोष बाईचं नाव असतं हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

आल्या आल्या त्यांनी पहिला हुकूम सोडला, "माउस निकालकर दराज में डाल दीजिए." मी म्हणालो, राहू द्या, अडचणीला लागेल. तर म्हणाल्या, "भाईसाहब, जब तक वो मेज़ पर है, अड़चन वही है." आणि मला बाहेर बसायला सांगितलं. माझ्या घरात.

दाराआडून ऐकलं. कॉम्प्युटरमधून एक माणूस गाडी सुटल्यासारखा हिंदीत बडबडतो आणि त्या दोघींना तो कळतो. कंट्रोल आणि होम दाबलं की फाइलच्या सुरुवातीला. कंट्रोल आणि एंड दाबलं की शेवटाला. कंट्रोल आणि खालचा बाण म्हणजे एक परिच्छेद पुढे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे एच. वाचायच्या मोडमध्ये नुसतं एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर उडी. संतोषबाई म्हणाल्या, इतनी लंबी फाइल में पैदल मत चलिए, बस पकड़िए. सुधा हसली. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्या एकाही बोलण्यावर ती हसली नव्हती.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. या गावाला आज वेड लागतं. गच्चीगच्चीवर पतंग आणि भोंगे, सकाळपासून "वो काटा" चाललंय. डोकं उठलं.

त्यात सुधानं घरात भांडण काढलं. मी काल स्वयंपाकघर नीट लावलं होतं. सुऱ्या वरच्या फळीवर, तेलाची बरणी आत, मिठाचा डबा गॅसपासून लांब. तिच्या हाताला काही लागू नये म्हणून. सकाळी ती तिथं उभी राहून ओट्यावर हात फिरवत होती. मी आत गेलो तर एकदम म्हणाली, "माझं मीठ कुठं आहे?"

मी म्हणालो, "तू कशाला शोधून राहिली? मला माग ना."

"मला माझं मीठ मागायचं नाही आहे."

एवढ्याशा गोष्टीवर डोळ्यांत पाणी. या भोंग्यांनी माणसाचं टाळकं ताळ्यावर राहत नाही, दुसरं काय. मी गच्चीवर जाऊन शेजारच्या पोरांना झापून आलो.

रविवार, १९ जानेवारी

आज संतोषबाई नव्हत्या, म्हणून मी मदतीला बसलो. गेल्या वर्षीच्या अहवालाची ती फाइल सुधानं स्वतः तयार केली आहे. जिथं प्रकरण सुरू होतं, उपप्रकरण सुरू होतं, तिथं तिथं तिनं काहीतरी बटणं दाबून त्या ओळीला शीर्षक केलंय. कॉम्प्युटर तिथं पोचला की सांगतो, "शीर्षक स्तर एक", "शीर्षक स्तर दो". दिसायला ते भयंकर आहे. निळं अक्षर, डावीकडे चिकटलेलं, एक मोठं एक बारीक.

मी रेल्वेच्या मंडळ कार्यालयात हयात काढली आहे. माझी नोट साहेब लोक नुसती बघून ओळखायचे. मथळा बरोबर मधोमध, ठळक, खाली रेघ. मधोमध आणायला मी स्पेसबार मारायचो आणि नजरेनं ठरवायचो. नवीन प्रकरण नवीन पानावर, एंटर मारत मारत पान संपवायचं. बदली होऊन आलेला साहेबसुद्धा म्हणायचा, उत्तमजी की फाइल फ्रेम कराके टाँगने लायक़ है.

असो. सुधा "प्रशिक्षण" शोधत होती. मला समोर दिसत होतं. मी म्हणालो, खाली, खाली, अजून खाली, आता वर. ती थांबली. मग मी ड्रॉवरमधून माउस काढून जोडला आणि सरळ त्या जागेवर नेऊन ठेवलं. काय चूक केली?

"हात काढा," सुधा म्हणाली.

"अगं, पोचवलं तुला."

"तुम्ही पोचवलं तर मी कुठं आहे ते मला कळत नाही. मी स्वतः गेली तर कळतं." मग तिनं शिफ्ट आणि एफ-पाच दाबलं आणि आधी जिथं बदल केला होता तिथं परत गेली. तिथून पुन्हा एच, एच, एच. मी दोन सेकंदांत नेलेल्या जागी पोचायला तिनं किती वेळ लावला. बायकांचा हट्ट. माउस मी तसाच जोडलेला ठेवून उठलो. मागाहून पाहिलं तर तो पुन्हा ड्रॉवरमध्ये होता.

सोमवार, २७ जानेवारी

लिहिण्यासारखं नाही, तरी लिहितो. सुधाचा वेग वाढला आहे. काल मयूरीनं कुठलंही पान उघडून एक वाक्य वाचलं आणि विचारलं, हे कुठलं? सुधानं एच दाबत, मधेच कंट्रोल-एफनं शब्द शोधत, ते वाक्य गाठलं. मयूरी म्हणाली, "मम्मी, तू तर एकदम फास्ट! मतलब माझ्यापेक्षा पण."

मला आनंद झाला. पण जेवताना पाण्याचा पेला मी तिच्या हातात दिला तर तिनं तो खाली ठेवला आणि परत स्वतः उचलला. एवढी कसली गुर्मी?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज माथुरला जाऊन भेटलो. सुधाला सांगितलं नाही. तिच्यासाठी कोणी भांडायला नको का?

मी चढलेल्या आवाजात सुरुवात केली. त्यानं चहा मागवला. असल्या माणसाशी भांडणं अवघड असतं. म्हणाला, "उत्तमजी, हम मैडम की इज़्ज़त करते हैं. इतना काम किया, अब क्यों आँखें फोड़ें? आप भी तो चाहते होंगे कि वो आराम करें." मी म्हणालो, चाहता तो हूँ. पण तुम्ही काम काढून घेतलं ते बरोबर नाही केलं. तो बराच वेळ मान हलवत राहिला. मला वाटतं त्याला पटलं.

मग त्यानं ड्रॉवरमधून काही पानं काढली. सुधानं सरावाच्या फाइलची नमुना म्हणून दिलेली प्रिंट. म्हणाला, आप तो रेलवे के आदमी हैं, आप ही देखिए. ते निळे मथळे, वेडेवाकडे. "कमेटी में बाहर के लोग हैं. पहली नज़र में क्या सोचेंगे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचं चुकत नव्हतं. गावातल्या शाळेच्या फळ्यावर लावलेल्या नोटिशीसारखी दिसत होती ती पानं. दिसत नाही म्हणून तिला कळत नाही, पण मला तर दिसतं. माझ्या बायकोची फाइल अशी जाणार आणि लोक तोंड दाबून हसणार, हे मी होऊ देणार नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज राग नाही. कितीतरी दिवसांनी.

संतोषबाईंनी सांगितलं होतं की आदल्या दिवशी सराव करायचा नाही, डोकं शांत ठेवायचं. म्हणून मयूरी सुधाला घेऊन राजा पार्कात गेली, उद्यासाठी शाल घ्यायची होती. फाइलचा पेन ड्राइव्ह टेबलावर होता. मी माउस जोडला आणि बसलो.

पहिल्यांदा ते निळे मथळे नीट होईनात. मधे सरकवले की भलतंच काहीतरी व्हायचं. मग मी प्रत्येक मथळा निवडून त्याचं सगळं स्वरूप पुसणारं बटण दाबलं, साधा मजकूर करून टाकला, आणि मग आपल्या पद्धतीनं बसवला. ठळक, मोठं, काळं, खाली रेघ, स्पेसबारनं बरोबर मधोमध. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर. डाव्या बाजूला एक पट्टी होती, तिच्यात त्या मथळ्यांची यादी दिसत होती. जसजसं मी काम करत गेलो तसतशी ती यादी कमी होत गेली आणि शेवटी पट्टी रिकामी झाली. ती बंदच करून टाकली. पानाला जागा झाली.

दुपार त्यात गेली. पाठ धरली. पण पानं अशी झाली की बघत राहावं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून एवढं बरं वाटलं नव्हतं मला. सुधाला सांगितलं नाही. उद्या कमिटीतलं कोणीतरी म्हणेल, वा, काय फाइल आहे, तेव्हा तिलाच कळेल.

ती आली तेव्हा शाल दाखवली. मऊ आहे, तपकिरी. तिला चांगली दिसते, तसं मी तिला सांगितलंही.

सोमवार, १० फेब्रुवारी

अजून बाहेरचे कपडेही बदलले नाहीत. लिहितो तरी.

मयूरीनं सुट्टी घेतली होती. आम्ही दोघं मागच्या खुर्च्यांवर बसलो. समोर माथुर, एक बाहेरून आलेल्या बाई, एक म्हातारे गृहस्थ. सुधानं शाल सारखी केली, फाइल उघडली. बाई म्हणाल्या, "प्रशिक्षण वाला अध्याय खोलिए."

सुधानं एच दाबलं. कॉम्प्युटर म्हणाला, "आगे कोई शीर्षक नहीं."

तिनं पुन्हा दाबलं. "आगे कोई शीर्षक नहीं." कंट्रोल-होम करून सुरुवातीला गेली, पुन्हा दाबलं. तेच. मग बाणानं एकेक ओळ खाली जायला लागली तर तो गाढव म्हणायला लागला, "रिक्त. रिक्त. रिक्त. रिक्त." थांबायलाच तयार नाही. ते म्हातारे गृहस्थ हसले. मी तिथल्या तिथं उठलो असतो, मयूरीनं मनगट धरून ठेवलं.

सुधानं धीर सोडला नाही. कंट्रोल-एफनं शब्द शोधला. पण "प्रशिक्षण" त्या अहवालात पानोपानी आहे. ती एकेका ठिकाणी थांबून ऐकत होती, नाही, हे नाही, हेही नाही. शेवटी बाई म्हणाल्या, ठीक है मैडम, रहने दीजिए. माथुरनं पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाला, "वैसे फाइल बहुत सुंदर बनी है."

निदान तेवढं तरी.

काय मशीन आहे ते! घरी पोपटासारखं बोलतं आणि वेळेला दगा देतं. आणि ती संतोष! बस पकड़िए म्हणे. एका बटणावर सगळा भार टाकायला शिकवलं, आणि ते बटण ऐन वेळी मेलं. मी रिक्षात संतोषबाईंना फोन लावून चांगलं सुनावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "फाइल वही थी?" मी म्हणालो, हो, तीच होती, दुसरी कुठून येणार.

घरी आल्यावर सुधानं शालीची घडी घातली, स्वतः. मला हात लावू दिला नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी संतोषबाईंचा मयूरीला फोन आला. मयूरीनं पेन ड्राइव्ह लावला. मी पेपर वाचत होतो.

"पप्पा, फाइलला कोणी हात लावला?"

मी सांगितलं. थोड्या अभिमानानंच सांगितलं, आता लपवून काय उपयोग.

मयूरीनं कपाळाला हात लावला. "पप्पा, मतलब, तुम्ही विचारलं पण नाही? ते शीर्षक दिसायला नव्हते ना. ते तिचे रस्ते होते. कॉम्प्युटरला ठळक-बिळक नाही कळत. त्याला आतून सांगावं लागतं की हे शीर्षक आहे. तुम्ही सगळे पुसून टाकले. आणि हे रिक्त, रिक्त... हे तुमचे एंटर आहेत."

मला आधी राग आला. मयूरीचा, की हे मला आधी कोणी का सांगितलं नाही. मग सुधा दारात उभी दिसली. सगळं ऐकलं होतं तिनं.

मी म्हणालो, "मला वाटलं, तुझी फाइल चांगली दिसावी."

"कोणाला दिसावी?"

मी पेपरची घडी घातली.

सुधाचा आवाज चढला. लग्नाला तीसेक वर्षं झाली, तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "माथुरनं माझं एक काम काढून घेतलं. तुम्ही काय काय काढून घेतलं ते मोजा. चहा काढून घेतला. सुरी काढून घेतली. मीठ काढून घेतलं. पाण्याचा पेला हातात आणून देऊन राहिले तुम्ही मला, जसं काही माझे हात पण गेले. मी काही नाही बोलली. म्हटलं, माणूस घाबरला आहे, होईल ठीक. एक ती फाइल माझी राहिली होती. त्यात मी डोळे मिटून कुठंही जाऊ शकत होती. तिथं पण आले तुम्ही."

मयूरी रडायला लागली. सुधा नाही रडली. "आणि माथुरला भेटून आले ना? त्यानं काल मला सांगितलं, घरवाले भी यही चाहते हैं. मी त्याला खोटारडा म्हटलं मनातल्या मनात."

मी खोलीत येऊन बसलो. डॉक्टर म्हणाले होते, राग लिहून काढा. हा कोणाचा लिहू?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सुधा पुन्हा अर्ज करणार. त्यात काय लिहिणार ते तिनं जेवताना सांगितलं. की माझ्या पतीनं मला न सांगता फाइल बदलली, म्हणून मला दुसरी संधी मिळावी.

मी म्हणालो, "पतीनं असं लिहायलाच पाहिजे का? फाइल बिघडली होती, एवढं पुरे. सगळ्या ऑफिसात माझं नाव..."

"मी विचारून नाही राहिली. सांगून राहिली."

मयूरी म्हणाली, जुनी फाइल तिच्या मेलमध्ये आहे, तीच परत घेऊ. सुधा नको म्हणाली. तिला माझी सजवलेली फाइलच हवी. मला वाटलं मला टोमणा मारते आहे. तसं नव्हतं.

"त्या ऑफिसातल्या सगळ्या फाइली अशाच आहेत," ती मयूरीला सांगत होती. "सगळे तुझ्या पप्पांसारखेच. मथळा ठळक करतात, स्पेसबार मारतात, एंटर मारतात. मी माझं झाडून काढलेलं अंगण वापरून राहिली होती. उद्या काम मिळालं तरी फाइल तर त्यांचीच येणार. मला अशा फाइलीत चालता आलं पाहिजे."

माझ्या हातचं काम म्हणजे वाईट फाइलीचा नमुना ठरला. फ्रेम करून टांगण्यासारखी नोट लिहिणारा मी. डोक्यात तिडीक गेली आणि मी ताट सारून उठलो. ताट मीच उचललं आणि मीच घासलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

संतोषबाई आल्या. मी दार उघडलं आणि म्हणालो, त्या दिवशी फोनवर जास्त बोललो. त्या म्हणाल्या, "हाँ, बोले तो थे." बस, पुढं काही नाही. माफ केलं असंही नाही म्हणाल्या. आत गेल्या. मी आपण होऊन बाहेर बसलो.

दाराआडून ऐकलं, म्हणजे ऐकू येत होतं. कंट्रोल-एच म्हणजे शोधा आणि बदला. शोधायच्या चौकटीत अक्षर न लिहिता फक्त सांगायचं, ठळक आणि मोठं असेल ते शोध. बदलायच्या चौकटीत सांगायचं, त्याला शीर्षक कर. एक हुकूम, की सगळ्या फाइलभर. तसंच लागोपाठचे एंटरही काढता येतात. सुधानं केलं आणि एच दाबलं. "शीर्षक स्तर एक." पुन्हा एच. "शीर्षक स्तर एक."

संतोषबाई म्हणाल्या, "एक भी नहीं छूटा. जिसने बिगाड़ी है, बड़े क़ायदे से बिगाड़ी है."

दोघी हसल्या. माझ्यावर. मी बाहेर बसून ते गिळलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सुधा मीठ कुठं ठेवायचं ते सांगत गेली, मी ठेवत गेलो. सुऱ्याही.

बुधवार, ५ मार्च

आज दुसरी चाचणी होती. मला येऊ नका म्हणाली. मयूरीलाही. संतोषबाईंना बँकेतून सुटता येत नव्हतं. एकटी गेली, रिक्षा तिनंच मागवली. मी बाल्कनीतून पाहत होतो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिचा पाय अडखळला. मी तोंडावर हात दाबून धरला. ती कठड्याला धरून थांबली, मग पुढं गेली.

दिवसभर घरात फेऱ्या मारल्या. दोनदा चपला घातल्या आणि काढल्या. माथुरला फोन लावायचं मनात आलं, लावला नाही. एवढा राग आला होता मला, तिचा, की ही बाई मला नुसतं बसवून ठेवते. काही करू देत नाही. पगार चालू आणि काम नाही अशी गत.

सुधा संध्याकाळी आली. तिनं पाणी प्यायलं, पेला स्वतः भरून घेतला. मग सांगितलं. त्यांनी त्यांचीच एक फाइल दिली, कुठल्यातरी जुन्या अहवालाची. एकही शीर्षक नाही, रिक्त, रिक्त, रिक्त. ती म्हणाली, मला आधी ही फाइल नीट करू द्या. माथुर म्हणाला, चाचणीत हे धरलेलं नाही. बाहेरच्या बाई म्हणाल्या, करने दीजिए. काही मथळे रेघेचे होते, काही नुसते मोठे, त्यामुळे एका हुकुमात झालं नाही. वेळ लागला. म्हातारे गृहस्थ उठून चहा पिऊन आले. ते परतले तेव्हा ती शीर्षकांवरून चालत होती. विचारलेल्या पाचही जागा सापडल्या. एका ठिकाणी तिनं त्यांना सांगितलं की तुमच्या मूळ इंग्रजीतच आकडा चुकला आहे.

"मग?"

"तीन प्रकरणं दिली. बाकीची दुसऱ्याकडे. म्हणाले, बघू." तिनं पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला. "सोमवारी पहिलं द्यायचं आहे."

तीन प्रकरणं! निम्मासुद्धा अहवाल नाही. माथुरनं शेवटी आपलंच खरं केलं. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर ती आतल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरपुढे बसली होती. तो बडबड्या सुरू झाला. ती कान देऊन ऐकत होती आणि बोटं चालवत होती. मी दाराशी उभा राहिलो, उगाच, काही लागलं तर असावं म्हणून. दिवा लावू का, असं विचारणार होतो, मग लक्षात आलं.

"अहो," तिनं मागं न वळता विचारलं, "दाराशी उभे आहात ना?"

"हो."

"दार बाहेरून लावून घ्या."

मला राग आला. पण मी दार ओढून घेतलं.